मुक्त इलेक्ट्रॉनाचे परिवलन : बोर–पाउली युक्तिवादाची चिकित्सा

प्रास्ताविक

वस्तुमान, विद्युत्भार आणि परिवलन हे इलेक्ट्रॉनाचे तीन गुणधर्म पदार्थविज्ञानाच्या पदवी अभ्यासक्रमात एका दमात सांगितले जातात. पहिल्या दोहोंविषयी कोणी शंका घेत नाही. तिसऱ्याविषयी मात्र खुद्द पुंजयामिकीच्या दोन शिल्पकारांनी, नील्स बोर आणि वोल्फगांग पाउली यांनी, 1930 च्या सुमारास एक गंभीर आक्षेप नोंदविला होता. अणूत बद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनाचे परिवलन ही अर्थपूर्ण गोष्ट आहे. परंतु मोकळ्या, कोणत्याही अणूशी न बांधलेल्या इलेक्ट्रॉनाचे परिवलनजन्य चुंबकीय परिबल मोजणे तत्त्वतःच अशक्य आहे, असा त्यांचा दावा होता. जे तत्त्वतः मोजता येत नाही ते आहे असे म्हणण्यात अर्थ काय, हा प्रश्न त्यातून ओघानेच उपस्थित झाला आणि पुढील कित्येक वर्षे काही प्रतिष्ठित ग्रंथांतून त्याचे उत्तर नकारार्थी दिले गेले.

प्रस्तुत लेखात या युक्तिवादाचा परामर्श घ्यावयाचा आहे. लेखकाची भूमिका आरंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. या युक्तिवादाचा गणिती भाग त्याच्या मर्यादित क्षेत्रात आजही ग्राह्य आहे. त्यावरून काढलेला निरर्थकतेचा निष्कर्ष मात्र त्या गणितातून निघत नाही आणि तो प्रसृत होत होता तेव्हाही निघत नव्हता. आपल्या पाठ्यपुस्तकांनी या वादाचा उल्लेखच गाळल्यामुळे विद्यार्थ्यांच्या पदरी गणितही पडत नाही व निष्कर्षाची चिकित्साही पडत नाही.

परिवलनाची कल्पना व तिचा पुरावा

या शंकेस ऐतिहासिक आधार होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पाउली यांनी 1924–25 मध्ये इलेक्ट्रॉनाला एक नवे, पारंपरिक यामिकीच्या भाषेत न सांगता येणारे द्विमूल्यत्व बहाल केले, ते अणूंच्या वर्णपटांतील कोडी सोडविण्यासाठी. हे द्विमूल्यत्व म्हणजे इलेक्ट्रॉनाचे स्वतःभोवती फिरणे असावे, ही कल्पना राल्फ क्रोनिग यांना 1925 च्या आरंभी सुचली, पण पाउली यांच्या प्रतिकूल अभिप्रायामुळे त्यांनी ती प्रसिद्ध केली नाही. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात लायडन येथील उलेनबेक व गाउडस्मिट या तरुणांनी ती प्रसिद्ध केली आणि श्रेय त्यांना मिळाले. वयोवृद्ध लॉरेन्ट्झ यांनी त्यांना दाखवून दिले की इलेक्ट्रॉन हा खरोखरच फिरणारा गोळा मानला तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशवेगाला कितीतरी मागे टाकील. पारंपरिक त्रिज्या 2.8 × 10⁻¹⁵ मीटर धरून आज कोणीही हा हिशेब करून पाहावा. विषुववृत्तावरील वेग प्रकाशाच्या सुमारे 170 पट येतो. तेव्हा ‘परिवलन’ हा आपला पारिभाषिक शब्द (आणि वर्गात सर्रास वापरला जाणारा ‘स्पिन’ हा शब्दही) पृथ्वीच्या दैनिक गतीची आठवण करून देत असला, तरी ते साम्य नावापुरतेच आहे. परिभाषा बदलण्याची वेळ निघून गेली. निदान शिकविताना हा इशारा द्यावयास हवा.

महत्त्वाची गोष्ट ही की 1925 ते 1928 या काळातील बहुतेक सर्व प्रत्यक्ष पुरावा बद्ध इलेक्ट्रॉनांचा होता. वर्णपट अणूंचे होते. परिवलनाचा प्रायोगिक पुरावा म्हणून आज प्रत्येक पुस्तकात ज्याची आकृती असते तो श्टेर्न व गेर्लाख यांचा प्रयोग 1922 मध्ये, म्हणजे परिवलनाची कल्पना प्रसिद्ध होण्यापूर्वी तीन वर्षे, झाला आणि तो चांदीच्या उदासीन अणूंच्या शलाकेवर झाला. त्या वेळी त्याचा अर्थ कक्षीय कोनीय संवेगाच्या पुंजीभवनाशी लावला गेला होता. या शलाकेचे दोन भाग होण्यास चांदीच्या बाह्यतम इलेक्ट्रॉनाचे परिवलन जबाबदार आहे, हे नंतर, 1927 च्या सुमारास ध्यानी आले. मग मुक्त इलेक्ट्रॉनांची शलाका घेऊन हाच प्रयोग का करू नये? हा प्रश्न कोणत्याही चौकस विद्यार्थ्याच्या मनात येतो. तो बोर यांच्याही मनात आला.

युक्तिवादाचे स्वरूप

वर्गात या प्रश्नाचे जे उत्तर सामान्यतः दिले जाते ते अपुरे आहे. इलेक्ट्रॉन भारित असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात लॉरेन्ट्झ बलाने तो बाजूला वळतो, म्हणून प्रयोग जमत नाही, असे सांगितले जाते. पण सर्व इलेक्ट्रॉन सारखेच वळले तर बिघडले कोठे? संपूर्ण शलाका वळेल आणि वळलेल्या शलाकेचे दोन भाग झालेले दिसतील. अथवा योग्य विद्युत् क्षेत्र लावून ते वळणे रद्दही करता येईल. बोर यांचा मुद्दा याहून पुष्कळ खोल आहे.

शलाका समोर जात आहे, चुंबकीय क्षेत्र उभ्या दिशेत आहे आणि त्याची तीव्रता वर जावे तशी वाढते आहे, असे समजू. इलेक्ट्रॉनाच्या चुंबकीय परिबलावर या वाढीच्या प्रमाणात उभे बल पडते. परिवलनाच्या दिशेनुसार काही इलेक्ट्रॉन वर तर काही खाली ढकलले जातात. परंतु चुंबकीय बलरेषा कोठे सुरू होत नाहीत किंवा संपत नाहीत. त्यामुळे क्षेत्र उभ्या दिशेत बदलत असेल तर त्याचा आडवा घटकही आडव्या दिशेत तितक्याच दराने बदलला पाहिजे. शलाकेला काहीतरी रुंदी असणारच. तिच्या डाव्या कडेवरील व उजव्या कडेवरील इलेक्ट्रॉनांना हा आडवा घटक वेगवेगळा भेटतो आणि त्याच्यामुळे त्यांच्यावर पडणारे लॉरेन्ट्झ बल पुन्हा उभ्या दिशेतच असते. हे बल सर्वांना सारखे नाही, म्हणून ते वजा करता येत नाही. जे दोन ठिपके वेगळे दिसावयाचे ते या विस्कळीतपणामुळे एकमेकांत मिसळतात.

आता शलाका अरुंद करून पाहू. परिवलनाचा परिणाम या विस्कळीतपणाहून मोठा ठरावा यासाठी तिची रुंदी किती असावी, याचा हिशेब केला तर उत्तर येते : इलेक्ट्रॉनाच्या द ब्रॉग्ली तरंगलांबीच्या सुमारे बाराव्या हिश्श्याहून कमी. इतक्या अरुंद फटीतून तरंग गेला की तो शलाका म्हणून राहतच नाही, सर्व दिशांना पसरतो. या हिशेबात क्षेत्राच्या बदलाचा दर दोन्ही बाजूंना येऊन निघून जातो. म्हणजे चुंबक कितीही प्रबळ केला तरी उपयोग नाही. प्लांकचा स्थिरांक एका बाजूस चुंबकीय परिबलाच्या रूपाने आणि दुसऱ्या बाजूस अनिश्चिततेच्या रूपाने उभा राहतो व दोन्ही एकमेकांना बरोबर तोलतात. युक्तिवादाचे सौंदर्य येथे आहे. इलेक्ट्रॉनाजवळ संवेदनशील चुंबकमापक ठेवून त्याचे परिबल मोजू म्हटले तरी हीच गत होते : इलेक्ट्रॉनाचे स्थान ठरविताना त्याच्या वेगात जी अनिश्चितता शिरते, तिच्यामुळे भाराच्या गतीचे चुंबकीय क्षेत्रही अनिश्चित होते व ते परिबलाच्या क्षेत्राला झाकून टाकते. क्षेत्राच्याच दिशेने शलाका सोडावी असा उपाय लेऑन ब्रियुअँ यांनी 1928 मध्ये सुचविला होता. ब्रुसेल्स येथे 1930 मध्ये चुंबकत्व या विषयावर भरलेल्या सॉल्व्हे परिषदेत पाउली यांनी त्याचाही समाचार घेतला.

निष्कर्षाची चिकित्सा

येथवर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही. बोर यांचे मूळ म्हणणे नेमके असे होते की इलेक्ट्रॉनाच्या मार्गाची पारंपरिक कल्पना ज्यात गृहीत आहे, अशा प्रयोगाने मुक्त इलेक्ट्रॉनाचे परिवलन दिसणार नाही. परिवलन हा निखळ पुंजीय गुणधर्म आहे. प्लांकचा स्थिरांक शून्य मानला की तो नाहीसा होतो. मग पारंपरिक चित्रात तो कोठून सापडावा? या रूपात हे विधान मार्मिक आहे.

घसरण झाली ती पुढच्या पायरीवर. नेव्हिल मॉट व हॅरी मॅसी यांच्या आण्विक टकरींवरील, 1933 मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि अनेक दशके प्रमाण मानल्या गेलेल्या ग्रंथात बोर यांचे युक्तिवाद मांडून असे प्रतिपादन केले आहे की मुक्त इलेक्ट्रॉनाला चुंबकीय परिबल चिकटविणे निरर्थक होय. इलेक्ट्रॉनाचा गुणधर्म म्हणावयाचा तो इतकाच की तो विशिष्ट अवस्थेत अणूत बद्ध असता त्या अणूला चुंबकीय परिबल असते. ‘या साधनांनी मोजता येत नाही’ याचे ‘मोजता येत नाही’ झाले, आणि ‘मोजता येत नाही’ याचे ‘अर्थ नाही’ झाले. या दुसऱ्या पायरीमागे त्या काळचे तत्त्वज्ञानविषयक वातावरण दिसते. पर्सी ब्रिजमन यांनी 1927 मध्ये मांडलेल्या क्रियावादानुसार संकल्पनेचा अर्थ म्हणजे ती मोजण्याची क्रिया. ही भूमिका क्षणभर स्वीकारली तरीही प्रश्न उरतो : कोणती क्रिया? अशक्यतेचा सिद्धांत मांडणाऱ्याने शक्य त्या सर्व क्रियांची यादी आपल्या हाती असल्याचे दाखविले पाहिजे. बोर यांच्या हाती होती ती दोन-तीन क्रियांची यादी, आणि त्या सर्वांत चुंबकीय बलाने होणारे विचलन अथवा चुंबकीय क्षेत्राचे थेट मापन हाच गाभा होता.

यातील विसंगती अशी की यादीबाहेरची क्रिया त्याच मॉट यांनी 1929 मध्ये स्वतःच सुचविली होती. डिरॅक यांचे 1928 चे समीकरण वापरून त्यांनी दाखविले की जड अणुकेंद्रावरून मोठ्या कोनात प्रकीर्णन झालेल्या इलेक्ट्रॉनांच्या परिवलनांना एक विशिष्ट कल येतो, म्हणजेच त्या शलाकेचे ध्रुवण होते. हीच शलाका दुसऱ्या तशाच पत्र्यावर आदळविली तर डावीकडे व उजवीकडे उडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या असमान येईल. 1930 नंतरच्या दशकातील बरेच प्रयत्न फसले. 1943 मध्ये शल, चेस व मायर्स यांनी सोन्याच्या पातळ पत्र्यांवर 400 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे दुहेरी प्रकीर्णन करून ही असमानता निर्विवादपणे दाखविली.

बोर यांचा कट्टर अनुयायी यावरही म्हणू शकेल की प्रकीर्णनाच्या क्षणी इलेक्ट्रॉन अणुकेंद्राच्या कचाट्यात असतो. तो मुक्त कोठे आहे? हा आक्षेप सर्वांत बळकट आहे आणि त्याचे उत्तर मिशिगन विद्यापीठात मिळाले. लुइसेल, पिड व क्रेन यांनी 1954 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन सुवर्णपत्र्यांच्या मधल्या निर्वात प्रवासात इलेक्ट्रॉनांना चुंबकीय क्षेत्रातून काही वेढे घ्यावयास लावले. दुसऱ्या पत्र्यावरील असमानतेची दिशा त्यामुळे फिरली, आणि त्या फिरण्यावरून मुक्त इलेक्ट्रॉनाचे चुंबकीय परिबल काढता आले. मधल्या प्रवासात ना अणुकेंद्र होते, ना बंधन. त्या अवधीत इलेक्ट्रॉनाला परिवलनाची दिशाच नसेल, तर फिरले ते काय? शलाकेचे दोन भाग करण्याची येथे गरजच पडली नाही. क्रेन यांच्या गटाने 1961 मध्ये हीच पद्धत अधिक सूक्ष्म केली. परिबल डिरॅक यांच्या समीकरणातून येते तेवढेच असते तर परिवलन आणि वेढा बरोबरीने फिरले असते. प्रत्यक्षात मंदगती इलेक्ट्रॉनाच्या सुमारे 860 वेढ्यांमागे परिवलन एक फेरी पुढे जाते. हा अल्पसा फरकही मुक्त इलेक्ट्रॉनांवर मोजला गेला.

हान्स डेमेल्ट यांनी 1958 मध्ये वेगळाच मार्ग धरला. प्रकाशाच्या साहाय्याने सोडियमच्या अणूंचे ध्रुवण करून, टकरींच्या द्वारे ते मुक्त इलेक्ट्रॉनांकडे संक्रमित करून त्यांनी त्या इलेक्ट्रॉनांचे परिवलन-अनुस्पंदन टिपले. पुढे ध्रुवित इलेक्ट्रॉन ही नित्य वापरण्याची वस्तू झाली. स्टॅनफर्ड येथील त्वरकात 1978 मध्ये गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावरून ध्रुवित इलेक्ट्रॉन सोडण्यात आले. सुमारे 3 किलोमीटर धावून ते लक्ष्यावर आदळले आणि परिवलनाची दिशा उलटली की प्रकीर्णनात दहा हजारांत एक-दोन एवढा फरक पडतो, हे दिसून आले. दुर्बल आंतरक्रियेतील डाव्या-उजव्याची असममिती या फरकावरून सिद्ध झाली. वाटेत परिवलन हरवले असते तर हा निष्कर्ष निघालाच नसता.

मोजणीखेरीज गणना

परिवलनाची दिशा न मोजताही त्याचे अस्तित्व जाणवते, याकडे या वादात फारसे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही. पाउलींच्याच अपवर्जन तत्त्वानुसार एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन राहू शकतो. परिवलनाच्या दोन शक्यतांमुळे गतीच्या प्रत्येक अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन मावतात. श्वेत बटु ताऱ्याच्या अंतरंगात अणूंपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा दाब ताऱ्याला तोलून धरतो, आणि त्या दाबाच्या सूत्रात हा दोनचा गुणक असतो. तो काढून टाकला तर चंद्रशेखर यांची प्रसिद्ध मर्यादा सूर्याच्या वस्तुमानाच्या 1.4 पटींऐवजी सुमारे 2 पट येईल. तेथे कोणी चुंबक लावलेला नाही, कोणी शलाका विभागलेली नाही. केवळ किती जागा उपलब्ध आहेत याची गणना आहे. ज्या परिवलनाला पाउली मुक्त इलेक्ट्रॉनाच्या बाबतीत निरीक्षणाबाहेर ठेवीत होते, त्याच्याच आधारे त्यांनी स्वतः 1927 मध्ये धातूंतील मुक्त इलेक्ट्रॉन-वायूचे दुर्बळ समचुंबकत्व समजावून दिले होते. धातूतील इलेक्ट्रॉन खऱ्या अर्थाने मुक्त नसतात, हे खरे. पण ते कोणा एका अणूचेही नसतात.

सिद्धांताच्या बाजूने तर प्रश्न उलटाच झाला आहे. यूजीन विग्नर यांनी 1939 मध्ये विशिष्ट सापेक्षतेच्या सममितीवरून कणांचे वर्गीकरण केले. त्यात वस्तुमान असलेल्या मुक्त कणाची ओळख दोन गोष्टींनी पटते : वस्तुमान आणि परिवलन. या दृष्टीने परिवलन हा मुळात मुक्त कणाचाच गुणधर्म आहे. अणूत बद्ध असताना ते कक्षीय कोनीय संवेगाशी असे मिसळते की बहुधा दोहोंची बेरीजच काय ती काटेकोरपणे टिकून राहते. मॉट व मॅसी यांच्या ग्रंथातील विधान याच्या बरोबर विरुद्ध टोकाला आहे.

‘मुक्त’ या शब्दाविषयी

शलाकेच्या बाबतीतही बोर यांची अशक्यता वाटली तेवढी अभेद्य राहिलेली नाही. बाटेलान, गे व श्वेंडिमन यांनी 1997 मध्ये ब्रियुअँ यांची जुनी सूचना पुन्हा तपासून क्षेत्राच्या दिशेने जाणाऱ्या शलाकेचे परिवलनानुसार अंशतः विभाजन शक्य असल्याचे गणिताने दाखविले. त्यावर आक्षेप घेतले गेले; 1999 मध्ये गॅरवे व श्टेनहोल्म यांनी आणि 2001 मध्ये बाटेलान यांच्याच गटाने पूर्ण पुंजयामिकीय गणित करून विषय पुढे नेला. पाउलींनी अर्ध-पारंपरिक मार्ग धरून केलेला हिशेब सर्वसाधारण सिद्धांत म्हणून पुढे करता येत नाही, एवढे या चर्चेतून निश्चित झाले.

सर्वांत विलक्षण उत्तर मात्र पुन्हा डेमेल्ट यांचे आहे. 1973 मध्ये त्यांच्या गटाने एकच इलेक्ट्रॉन विद्युत् व चुंबकीय क्षेत्रांच्या सापळ्यात दीर्घकाळ पकडून ठेवला. नंतर सापळ्याभोवती निकेलचे कडे बसवून क्षेत्र किंचित असमान केले. इलेक्ट्रॉन क्षेत्राच्या दिशेने वर-खाली आंदोलने करतो, सेकंदाला सुमारे 6 कोटी. परिवलन उलटले की या वारंवारतेत सुमारे एका आंदोलनाचा फरक पडतो. हा श्टेर्न–गेर्लाख परिणामच आहे. फक्त इलेक्ट्रॉन कोठे जाऊन पडला हे पाहावयाचे नाही, तो किती वेगाने डोलतो ते ऐकावयाचे आहे. मार्गाचा प्रश्नच न विचारल्यामुळे बोर यांचा युक्तिवाद येथे लागू होत नाही. या पद्धतीने 1987 मध्ये इलेक्ट्रॉनाचे परिबल, बोर यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एककात, 1.0011596521884 इतके मोजले गेले. 2023 मध्ये गॅब्रिएल्स यांच्या गटाने, पद्धतीत बरीच सुधारणा करून, ते 1.00115965218059 असे दिले. ज्या राशीला अर्थ नाही असे एकदा छापले गेले, ती आज पदार्थविज्ञानातील अत्यंत काटेकोरपणे मोजलेल्या राशींपैकी एक आहे.

पण सापळ्यातला इलेक्ट्रॉन मुक्त म्हणावयाचा काय? डेमेल्ट यांनी स्वतः या व्यवस्थेला ‘जिओनियम’ असे नाव दिले : सापळ्याच्या व चुंबकाच्या मार्फत पृथ्वीशी बांधलेल्या इलेक्ट्रॉनाचा एक कृत्रिम अणूच तो. शब्दाचा कीस काढणाऱ्याला येथे आनंद होईल. तथापि ज्या अर्थाने जिओनियममधील इलेक्ट्रॉन बद्ध आहे, त्या अर्थाने बोर यांच्या काल्पनिक प्रयोगातील चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून जाणारा इलेक्ट्रॉनही मुक्त नव्हता. बाह्य क्षेत्र लावले की मुक्तता संपली असे मानावयाचे असेल, तर मुक्त इलेक्ट्रॉनाचा भार वा वस्तुमानही कोणी मोजलेले नाही, कारण टॉमसन यांच्या 1897 च्या नळीतही विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे होतीच. परिवलनापुरती ‘मुक्त’ची व्याख्या कडक करावयाची आणि भारापुरती सैल सोडावयाची, हे तर्काला धरून नाही. अणुकेंद्राच्या बंधनातून सुटलेला, एवढाच त्या शब्दाचा उभय पक्षी मान्य होईल असा अर्थ संभवतो आणि त्या अर्थाने क्रेन यांच्या दोन पत्र्यांमधील इलेक्ट्रॉन निःसंशय मुक्त होता.

राहता राहिला पाठ्यपुस्तकांचा प्रश्न. श्टेर्न–गेर्लाख आकृतीखाली ‘इलेक्ट्रॉनाच्या परिवलनाचा पुरावा’ असे लिहून पुढे जाणे पुरेसे नाही. ती शलाका चांदीच्या अणूंचीच का आहे, इलेक्ट्रॉनांची का नाही, आणि मग मोकळ्या इलेक्ट्रॉनाचे परिवलन कोणी व कसे पाहिले, ही तीन वाक्ये त्याच पानावर येण्यास हरकत नसावी. शलाकेच्या रुंदीचा हिशेब द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला अर्ध्या तासात करता येतो. त्यासाठी लागणारे लॉरेन्ट्झ बल व द ब्रॉग्ली संबंध त्याने आधीच शिकलेले असतात.